लालभडक नसलेले कुंकू : आमची वाटचाल

निपाणी-चिकोडी पट्ट्यात कुंकू दोन तऱ्हांनी खपते. रोजचे डबीतून आणि जत्रेचे पोत्यातून. सौंदत्तीची यल्लम्मा आणि चिंचलीची मायाक्का या यात्रांच्या आधी भंडारा-कुंकवाला जी मागणी येते, तिच्यावर आमच्यासारखे छोटे कारखाने वर्ष काढतात. आम्हीही सुरुवात केली ती तयार माल आणून डब्या भरण्यापासून. खडूची नाहीतर स्टार्चची भुकटी, त्यात रंग, वरून थोडा वास. रंग कोणता, ते पोत्यावर लिहिलेले नसे. ते शोधायला लागलो आणि धंदाच बदलावा लागला.

स्वस्त कुंकवात सापडणारा एक रंग म्हणजे रोडामाइन बी. हा मुळात कापड-कागदाचा रंग. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरी आणि कॉटन कँडीतल्या रंगांवर बडगा उगारला, तेव्हा ज्याचे नाव गावोगाव झाले तोच. भंडाऱ्यात हळदीऐवजी मेटॅनिल यलो हा कारखानी पिवळा रंग असू शकतो. आणि खरा शेंदूर म्हणजे तर शिशाचा ऑक्साइडच.

शिसे कपाळाच्या कातडीतून फारसे आत जात नाही. ते जाते तोंडातून. भांगात कुंकू भरलेले बोट, त्याच हाताने मळलेले पीठ, कडेवरचे पोर. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते, गरोदरपणात बाळापर्यंत पोहोचते आणि मुलांच्या मेंदूला अपाय करते. ताप नाही, पुरळ नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही. रंगांची ॲलर्जी निदान दिसते तरी. आधी खाज येते, मग कुंकवाच्या जागी काळपट डाग पडतो, आणि बाया तो उन्हाचा समजून त्यावरच पुन्हा कुंकू लावतात.

घरी करता येण्याजोग्या दोन परीक्षा आहेत. पेलाभर पाण्यात चिमूटभर कुंकू टाका. हळदीचा रंग पाण्यात जवळपास विरघळत नाही. रोडामाइन असेल तर लगेच गुलाबी रेघा सुटतात आणि नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली ते पाणी केशरी चमकते. चमचाभर भुकटी हाताला जड लागली आणि भसकन तळाला बसली, तर शेंदूर मिसळल्याचा संशय घ्या. थोडेसे शिसे मात्र घरी कळत नाही. त्याला एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळा तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था, तिच्या मान्यतेची प्रयोगशाळाच लागते. सौंदर्यप्रसाधनांच्या रंगात शिसे २० पीपीएमच्या आणि आर्सेनिक २ पीपीएमच्या आत हवे. दहा लाख भागांत एक भाग म्हणजे एक पीपीएम. आम्ही प्रत्येक घाण्याचा नमुना पाठवतो.

कुंकू स्वतः करायला घेतले तेव्हा पहिला मार्ग चुन्याच्या निवळीचा होता. हळद चुन्याने तिथल्या तिथे लाल होते आणि खर्चही नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याचा हळूहळू खडू करतो, क्षारपणा जातो आणि दोन-तीन महिन्यांत डबीतला माल पिवळट तपकिरी होतो. चुना जास्त टाकला तर कपाळ चुरचुरते. ती रीत सोडली.

आताचे प्रमाण असे : १ किलो हळकुंडाची भरड, अर्धा लिटर लिंबाचा रस, १०० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स), १० ग्रॅम तुरटी. आंबट रसात टाकणखार आणि हळदीचा रंग मिळून जो लाल होतो, तो घामाने उतरत नाही. भांडे स्टीलचे घ्यायचे. लोखंडात रंग काळवंडतो आणि ॲल्युमिनियम रसात उतरते. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ खालीवर करायचे, मग आठ-दहा दिवस सावलीत वाळवायचे. घाई करून उन्हात टाकले की रंग उडाला म्हणून समजा. सलग दोन दिवस वजन सारखे भरले तरच माल दळायला जातो, नाहीतर आमच्याकडच्या पावसाळ्यात डबीत बुरशी ठरलेली. दळल्यावर लोहचुंबक फिरवतो, कारण गिरणीतून लोखंडाचा कीस येतो. शेवटी किलोला २० ग्रॅम खोबरेल. तूप खवट होते. अत्तर अजिबात नाही, कारण वासाच्या द्रव्यांचीही ॲलर्जी पुष्कळांना असते.

हळकुंड सांगलीच्या बाजारातून आणतो, पण बिनपॉलिशचे. शिशाचा पिवळा रंग, लेड क्रोमेट, मारायचा झाला तर पॉलिश करतानाच मारला जातो. दिसायला हे हळकुंड मातकट, म्हणून व्यापारी आधी हसायचे.

‘नैसर्गिक’ हा शब्द आम्ही डबीवर छापत नाही. टाकणखार हे रसायनच आहे. पोटात जाता कामा नये, खरचटलेल्या जागी नको, तान्ह्या बाळाला नको. हे कानडी, मराठी आणि इंग्रजीत छापले आहे. त्याखाली एक ओळ : पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा.

विक्रीतली अडचण रंगाचीच. हळदीचे कुंकू तांबूस लाल होते, लालभडक नाही. ‘देवळापुढचे कसे उठून दिसते, मावशी’ असे गिऱ्हाईक दुकानात म्हणते आणि ते खरेच आहे. कुंकवावर जीएसटी नाही, पण म्हणूनच डब्या आणि खोक्यांवर भरलेला कर परत मिळत नाही. तो किमतीत येतो.

टिकलीची मागणी सतत येते. टिकलीच्या काही गोंदांत पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल असते. ते कातडीतल्या रंग देणाऱ्या पेशी मारते आणि टिकलीएवढा पांढरा डाग कपाळावर राहतो, कधी कायमचा. गोंद पुरवणाऱ्यांकडे आम्ही घटकांची लेखी यादी मागतो. अजून एकानेही दिलेली नाही, म्हणून टिकली आम्ही विकत नाही.