अर्ध्या पट्टीवर बत्तीस

लेडव्हिलला उतरल्याचं सर्टिफिकेट अजून माझ्या बॅगेत आहे. कोलोरॅडोतलं छोटं गाव, पण विमानतळ ९,९३४ फुटांवर, अख्ख्या उत्तर अमेरिकेत याहून उंच नाही, म्हणून तिथे उतरलेल्या पायलटला सर्टिफिकेट देतात. मित्राची चार सीटर सेसना १७२, आत तो आणि मी. दुसऱ्या दिवशी पहाटे कुडकुडत निघालो तर विमान आरामात उचललं, तेव्हापासून आम्ही दोघंही जरा जास्तच हवेत होतो.

दुपारी दुसऱ्या एका दरीतल्या पट्टीवर बायकोला घ्यायला उतरलो. पट्टीचं नाव देत नाही, चूक तिची नव्हती. उंची आठ हजार फूट, म्हणजे लेडव्हिलपेक्षा जवळजवळ दोन हजारांनी कमी, मग कसलं टेन्शन! पण दुपारचे दोन, तापमान ३०, टाक्या फुल, मागे बायको आणि तिच्या दोन बॅगा. विमानाला नकाशावरची उंची कळत नाही, हवा किती दाट एवढंच कळतं आणि गरम हवा विरळ, त्या हिशोबाने पहाटे लेडव्हिलला आम्ही अकरा हजारांच्या आसपास होतो आणि इथे पावणेबारा हजारांवर. डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात ते हेच. हे गणित मी नंतर कागदावर केलं, तेव्हा कोण करतंय!

मित्राने मिक्स्चर नीट लीन केलं, म्हणजे विरळ हवेच्या मानाने पेट्रोल कमी केलं, थ्रॉटल पूर्ण दिलं. विमान पळतंय, पळतंय, बाहेर बघून वाटत होतं काय भन्नाट स्पीड आहे, पण विरळ हवेत जमिनीवरचा वेग काटा दाखवतो त्याहून जास्त असतो, डोळे फसतात. अर्ध्या पट्टीपर्यंत उडायच्या स्पीडच्या सत्तर टक्के तरी यायला हवा, नाहीतर थ्रॉटल मागे ओढायचं, हे आदल्या दिवशी त्यानेच मला शिकवलेलं. आमच्यासाठी अडतीस-एकोणचाळीस नॉट. माझी नजर काट्यावरच होती.

चाकं सुटली, बायको मागून ओरडली "उडालो!" आणि बस, तेवढंच. जमिनीलगत पंखांना जो जास्तीचा आधार मिळतो, ग्राउंड इफेक्ट, त्याच्यावर दहा-पंधरा फुटांवर तरंगत राहिलो, वर जायचं नाव नाही. स्टॉलचा, म्हणजे पंखांचा आधार सुटत आल्याचा, भोंगा रडायला लागला. त्याने ओढाताण न करता नाक खाली घेतलं (म्हणून हे लिहितोय), चाकं परत टेकली, पट्टी संपली, तारेचं कुंपण, झुडपं, पुढचं चाक मोडलं, प्रोपेलर मातीत. धूळ आणि एकदम शांतता, फक्त पॅनेलवरच्या उपकरणांतले जायरो (भोवरे) फिरत राहिल्याचा बारीक आवाज.

"बाहेर, बाहेर, लांब जा!" फ्युएल, मास्टर स्विच सगळं बंद करून तो शेवटी उतरला. माझं मनगट मुरगळलं, बायकोच्या कपाळाला टेंगूळ, त्याला खरचटलंही नाही.

बराच वेळ तिघं उन्हात नुसते बसून होतो. मग तो म्हणाला, "अर्ध्यावर किती होता रे?"

"बत्तीस."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तू बघितलंयस."