चोवीस व्होल्टच्या जीपवर बारा व्होल्टचा फवारणी पंप : माझा अनुभव

लष्कराच्या लिलावातली जुनी जीप चोपड्याला आणली, त्याला दीड वर्ष झालं. लिलाव, पासिंग, रंग सगळं वेळेत उरकलं. (रंग बदलावाच लागतो, ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो.) माझा अख्खा उन्हाळा खाल्ला तो बॅटरीच्या एका वायरीने, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

गाडी चोवीस व्होल्टची. मला केळीच्या बागेत तिच्यावर बारा व्होल्टचा फवारणी पंप आणि दोन दिवे चालवायचे होते. मिळून पंधरा-सोळा अँपिअर. गाडीला दोन आउटपुटचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) होता, त्यामुळे काम सोपं वाटलं. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, म्हणजे एकीचं पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला जोडलेलं. जिचं निगेटिव्ह बॉडीला ती खालची, तिच्या पुढची ती वरची. अल्टरनेटरचं 28 व्होल्टचं टोक वरच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला जातं, 14 व्होल्टचं दोघींच्या मधल्या जोडावर. बारा व्होल्टचं सामान याच जोडावर लावायचं, म्हणजे इंजिन चालू असताना त्याचा करंट अल्टरनेटर देतो आणि खालच्या बॅटरीवर भार येत नाही. तसं लावलं. पंप चालला.

पंधरा दिवसांत सेल्फ मारेना. खालची बॅटरी बसलेली, वरचीचं पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. पाणी टाकलं, चार्ज करून आणली. पुन्हा तेच. ज्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो तो झाकण उघडून म्हणाला, "भाऊ, उन्हाळा शे, पाणी उडसच." मे महिना, पारा 45 च्या घरात, मलाही पटलं. त्याने खालची बॅटरी बदलायला लावली. नवीन बॅटरीही तीन आठवड्यांत बसली. दुकानदाराने ती तपासणीला म्हणून आठ दिवस ठेवून घेतली आणि "बॅटरी ओके आहे" सांगून परत दिली. ऐन फवारणीच्या दिवसांत गाडी अंगणात उभी. मल्टिमीटर त्या दोघांच्याही टेबलावर पडलेला होता, पण पंप चालू ठेवून एकानेही तो लावला नाही.

तेव्हा डोक्यात आलं की ऊन तर दोन्ही बॅटऱ्यांना सारखंच लागतं, मग पाणी एकीचंच का उडतं? घरी मीटर घेतला, इंजिन चालू, पंप आणि दिवे चालू. दोन्ही बॅटऱ्या मिळून 28.4. खालची एकटी 12.6. म्हणजे वरचीवर 15.8! एक उपाशी, दुसरी उकळतेय. मग अल्टरनेटरच्या 14 च्या टोकावर मीटर लावला, तर तिथे 14.2. म्हणजे दीड व्होल्टच्या वर वायरीतच जात होता. वायरीवरून हात फिरवत गेलो, बॅटरीकडच्या थिंबलपाशी (वायरीच्या टोकाला दाबून बसवतात तो धातूचा तुकडा) चटका बसला. स्लीव्ह कापली. आत तांबं काळं पडलेलं, वर हिरवट क्षार, आणि मोजून सात-आठ तारा धरून होत्या. वरून टेप इतका नीट गुंडाळलेला की संशयच येऊ नये.

जाड वायर, नवीन थिंबल, दाबून बसवले. त्याच भारावर खालची 14.1, वरची 14.3. हे आकडे मी बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलेत.

म्हणून सांगतो, बॅटरी बदलायच्या आधी दोन्हींचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा, आणि भार चालू ठेवूनच मोजा. बिनभाराचा खराब जोडही मीटरवर चांगलाच दिसतो. बदलायच्याच झाल्या तर दोन्ही एकदम, एकाच मापाच्या बदला. माझी जुनी-नवी जोडी फार दिवस टिकणार नाही, हे मला दिसतंय. इंजिन बंद असताना पंप चालवू नका, तेव्हा सगळा करंट एकट्या खालचीतून जातो. फ्युज मधल्या जोडापासून वीतभर अंतरात हवा, पंपाजवळ लावून उपयोग नाही, कारण वायर मध्ये कुठेही बॉडीला घासू शकते. काम सुरू करताना आधी बॉडीचं निगेटिव्ह काढा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीच काढू नका, अल्टरनेटर जळतो.

आणि एक राहिलंच. एलईडी दिवे घेताना खोक्यावर बघा. बऱ्याच दिव्यांवर 10 ते 30 व्होल्ट लिहिलेलं असतं, ते सरळ चोवीसवर लागतात. मी माझे दोन्ही तिकडे हलवले. आता मधल्या जोडावर एकटा पंप आहे.