बेस मागच्या घरात घुसतो तेव्हा

गणपतीत जुळे सोलापूरला एका सोसायटीत ऑर्केस्ट्राचा साउंड लावला होता. स्टेजच्या मागं थोडी मोकळी जागा आणि मग लगेच घरं. साउंड चेक चालू असतानाच मागच्या घरातले एक काका आले, म्हणाले, "दादा, गाणं काय ऐकू येत नाही ओ आमच्याकडं, पण खिडकीच्या काचा नुसत्या थरथरायल्यात, आई आजारी आहे, तिला छातीत धडधडतंय." मी टॉप, म्हणजे बारीक आवाजाचे वरचे स्पीकर, कमी करून बघितले, काही फरक नाही. फरक पडणारच नव्हता.

कारण ५ हजार हर्ट्झची, म्हणजे बारीक आवाजाची लाट जेमतेम ७ सेंटिमीटरची असते, तिला टॉपचा हॉर्न (पुढं पसरत जाणारं तोंड) बरोबर पब्लिककडं वळवतो. पण ६३ हर्ट्झची, म्हणजे बेसची लाट जवळजवळ साडेपाच मीटर लांब, तिच्यापुढं १८ इंची बेसचा डबा म्हणजे काहीच नाही, ती डब्याला वळसा घालून मागं जाते, जवळपास जितकी पुढं तितकीच मागं. डबा कितीही महाग घ्या, एकटा साधा डबा हे थांबवू शकत नाही.

थांबतं ते मांडणीनं. दोन सारखे डबे, दोघांची तोंडं पब्लिककडंच, एक पुढं आणि दुसरा त्याच्या बरोबर मागं १३६ सेंटिमीटरवर, म्हणजे पाव लाट. मागच्याची फेज उलटी करायची, म्हणजे पुढचा पडदा बाहेर ढकलतो तेव्हा मागच्याचा आत ओढला जातो, आणि त्याला ४ मिलिसेकंद डिले द्यायचा, म्हणजे त्याचा आवाज तेवढा उशिरा सोडायचा. पुढच्या डब्याचा आवाज मागच्यापर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळं स्टेजमागं दोघांचा आवाज एकाच वेळी पण उलटा पोचतो आणि एकमेकाला खातो. पुढच्या बाजूला मात्र मागच्या डब्याचा आवाज डिले धरून ८ मिलिसेकंद उशिरा येतो, ती झाली ६३ हर्ट्झची अर्धी लाट, वर फेज उलटी, म्हणजे दोघं परत जुळतात.

त्या दिवशी मी घाईत डिले पुढच्या डब्याला दिला. सगळा बेस मागं गेला आणि खुर्च्यांवर काहीच नाही, काका परत आले तेव्हा त्यांच्याकडं बघवेना. डिले मागच्या डब्याच्या चॅनेलला दिला, ६३ हर्ट्झचा टोन लावून आवाज मोजायचा मीटर घेऊन मागं त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला, काच थांबली होती.

मीटरचं एक सांगतो, तो ए वर, म्हणजे बेस कमी धरणाऱ्या सेटिंगवर ठेवला तर ६३ हर्ट्झ तब्बल २६ डेसिबलनं कमी दिसतो. नियमातली निवासी भागाची मर्यादा, दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, ही ए वरच मोजतात. म्हणून आकडा कमी दिसला तरी मागच्या घराला त्रास होऊ शकतो, बेस बघायचा तर मीटर सी वर घ्या, ती सेटिंग बेस जवळजवळ पूर्ण धरते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, आपल्याकडं भांडणं याच्यावरच होतात.

या मांडणीत नुकसान आहेच. ३० हर्ट्झच्या आसपासचा जोर कमी होतो, आणि डब्यामागं भिंत चिकटून असली तर ती आवाज परत फेकते, मग हिशोब बिघडतो, थोडं अंतर पाहिजेच. स्टेजची जागाही जास्त लागते, मंडपवाले कुरकुर करतात. तरी आता घरांजवळचं काम असलं की मी असंच लावतो, १३६ सेंटिमीटरची एक काठी कापून गाडीतच ठेवलीय.