अंथरूण, पत्थर आणि ज्यूसची स्ट्रॉ

परवा फॅमिली ग्रुपवर घाईत मी 'अंतरूण' टाइप केलं आणि मावशीचा लगेच मेसेज, 'अगं अंतर नाही, अंथर!' झालं. त्या एका थ पायी रात्री झोप उडाली, आणि अंथरुणातच पडून अंथरुणाचा शोध सुरू.

तर हा शब्द मूळचा संस्कृत आस्तरण. त्यातला धातू स्तृ, म्हणजे पसरणं. प्राकृतात स्त चा त्थ होतो, म्हणून अत्थरण, आणि मराठीत येता येता त्यात एक अनुस्वार घुसला. पुस्तकाची पोथी, मस्तकाचा माथा, स्तोक चा थोडा, सगळीकडे हाच थ. म्हणजे मावशी बरोबर. पण बोलताना कितीतरी जण हातरूण किंवा आंतरूण म्हणतात आणि त्यांना हसायला मी तरी धजणार नाही, कारण हस्त चा आपण पण हातच केलाय ना, हिंदीवाल्यांसारखा हाथ कुठे ठेवलाय?

आस्तरणाचा अर्थ तेव्हा नुसता झोपण्यापुरता नव्हता. यज्ञासाठी पसरलेलं दर्भ, सतरंजी, गालिचा, काहीही पसरलेलं चालायचं. अमरकोशात तर तो शब्द हत्तीच्या पाठीवरच्या झुलीसाठी आलाय. म्हणजे हत्तीलाही अंथरूण!

खरी मजा या स्तृ च्या गोतावळ्यात आहे. सायीचा किंवा धुळीचा थर, तो यातलाच (स्तर चा थर). विस्तार यातलाच. फारसीतून आलेला बिस्तर पण याच धातूच्या इराणी भावाचा, म्हणजे बिस्तर आणि अंथरूण चक्क चुलत भावंडं. प्रस्तर म्हणजे आधी पसरलेल्या गवताची शय्या, मग सपाट पृष्ठभाग, मग सपाट खडक, आणि शेवटी कुठलाही दगड. त्याचाच हिंदीत पत्थर झाला आणि आपल्याकडे पाथरवटातला पाथर. आणि पथारी, ती पण इथलीच. मऊ गवतापासून निघालेला शब्द दगडावर जाऊन आपटला हे मला भारीच वाटलं. काही गाद्यांवर झोपून उठल्यावर पटतं पण.

युरोपात गेलं तरी हे नातेवाईक भेटतातच. लॅटिनमध्ये फरसबंदी केलेल्या, म्हणजे दगड 'अंथरलेल्या' रस्त्याला जे नाव होतं त्यातून इंग्रजीतलं स्ट्रीट आलं. आणि स्ट्रॉ म्हणजे मुळात खाली पसरायचं वाळलेलं काड, ते पोकळ असतं म्हणून नंतर प्यायच्या नळीलाही तेच नाव पडलं. तर ज्यूस पिताना तोंडात असते ती अंथरुणाची लांबची बहीण.

मला मात्र यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे अंथरूण ही वस्तूच नाहीये, ती क्रिया आहे. जे अंथरलं ते अंथरूण. चटई असो, गोधडी असो, सतरंजी असो. रात्री घालायचं आणि सकाळी काढायचं, गुंडाळलं की अंथरूण संपलं, उरली नुसती वळकटी. बेड तसा नाही, तो दिवसभर ढिम्म तिथेच, त्यामुळे बेड 'घातला' असं कोणी म्हणत नाही. अंथरूण सकाळी निघालं नाही तर मात्र गडबड असते, म्हणूनच तर अंथरूण धरणं, अंथरुणाला खिळणं म्हणजे आजारपण.

पांघरूण वेगळ्या घरचं, प्रावरण मधून, त्यात वृ म्हणजे झाकणं. 12व्या शतकात हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात पंगुरण असं रूप दिलंय, म्हणजे जवळजवळ आजचंच. चुकांवर घालतात ते पांघरूणच, अंथरूण नाही, हे बरोबरच आहे म्हणा.

आणि ती म्हण. पाय उघडे पडतात ते पांघरुणाबाहेर, मग 'अंथरूण पाहून पाय पसरावे' का? हिंदीत चादर म्हणतात, ती खालीही चालते वरही चालते. मराठीत सरळ खालचंच. मला वाटतं ही म्हण जमिनीवर झोपणाऱ्यांची आहे, अंथरूण संपलं की टाच थेट गार फरशीवर. गंमत म्हणजे त्यातलं पसरणं स्तृ मधलं नाहीच, ते प्र + सृ वालं. दिसतात मात्र सख्खे.

हे सगळं रात्री साडेबाराला मावशीला पाठवलं. निळ्या टिक लगेच आल्या. उत्तर एवढंच, 'फोन ठेव आणि पांघरूण घे.'