द्वारका चौकात फुटलेली वारी

फेब्रुवारीत नाशिकरोडच्या नेहरूनगरला बाळ येशूची यात्रा भरते. शरणपूरहून तिथवर चालत जायचं म्हणजे आठ-नऊ किलोमीटर. पंढरीच्या वाटेपुढे हे काहीच नाही, तरी आमच्या घरी त्याला वारीच म्हणतात. त्या वर्षी पस्तीस जणांना नेण्याचं काम माझ्याकडे आलं. निम्मे कॅथलिक, निम्मे आमच्यासारखे प्रोटेस्टंट.

पहाटे निघताना मी एवढंच म्हणालो, "वाटेत जपमाळ नको, सगळ्यांनी भजनंच म्हणायची." आमच्यातल्या अनेकांना 'नमो मरिया', म्हणजे जपमाळेवर कॅथलिक म्हणतात ती मरियेची प्रार्थना, येत नाही, ते मुके राहू नयेत, हे माझ्या मनात होतं. ते मनातच राहिलं. मुंबई नाक्यापर्यंत भजनाला आवाजच उरला नाही. द्वारका चौकात मागे वळलो तर मोजकी माणसं. बाकीची दुसऱ्या बाजूने पुढे निघून पुणे रस्त्याला लागलेली, हातात माळ.

मला राग आला. बरोबरचे काका शांतपणे म्हणाले, "तू शरणपूरचा ना? मग जेकबची गोष्ट विसरलास का?"

ती आम्ही लहानपणापासून ऐकतो. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनच्या शाळेत शिकली. जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७३ साली मिशनरी आणि प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा तो सोबत होता. पुढे काय करायचं हे सूसी आणि चुमा या जुन्या सोबत्यांनी परस्पर ठरवलं नाही. त्यांनी सगळ्यांना जमवलं, घडलेलं सांगितलं, विचारलं. देह समुद्रापर्यंत न्यायचा हे सर्वांचं ठरलं. हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर अक्षरं कोरली. मग ताप, उपासमार, वाटेतल्या गावांचा विरोध सोसत ती माणसं महिनोन्‌महिने चालली. धन्याने हुकूम दिला म्हणून नव्हे. हुकूम देणारा तर गेला होता. आपण काय वाहतोय आणि कशासाठी, हे प्रत्येकाला माहीत होतं.

बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना सांगतो की, मी तुम्हांला दास म्हणत नाही, कारण धनी काय करतो ते दासाला कळत नाही. मी तुम्हांला मित्र म्हटलं आहे. पित्याकडून जे ऐकलं ते सारं त्याने त्यांना कळवलं होतं. हे वचन मी कितीदा वाचलं असेल! आणि पस्तीस जणांना मी नुसता हुकूम सोडला होता.

झपाझप चालून पुढच्यांना गाठलं. एक मावशी डोळे पुसत होत्या. "आमची माळ तुला कमीपणाची वाटली ना रे?" मी खरं कारण सांगितलं, माफी मागितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढंच होतं तर आधी बोलायचंस की! उपनगरपर्यंत माळ म्हणू, तुम्ही ऐका. पुढे भजन, आम्ही टाळ्या धरतो."

तसंच चाललो. उपनगर कधी मागे पडलं कळलं नाही.

बाळ येशूपुढे रांग लांब होती. मूर्तीपुढे मेणबत्ती लावणं आम्हा प्रोटेस्टंटांपैकी ज्यांच्या मनाला पटत नव्हतं, ते बाहेर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत प्रार्थनेला बसले. ते आत का येत नाहीत, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. रांगेत शिरताना मावशींनी आपली पिशवी काकांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "माझ्या नातवासाठी तुम्हीही मागा हो."