समुद्राकाठच्या आडगावात संसार हलवताना

समुद्राकाठच्या लहानशा, आडबाजूच्या गावात कायमचं राहायला जातोय म्हटल्यावर प्रत्येकाने एकच विचारलं, "कंटाळा नाही का येणार?" कंटाळा आला नाही. जड गेलं ते निराळंच. इथे सगळं एकेकच असतं. डॉक्टर एक, वायरमन एक, गावाबाहेर नेणारा रस्ता एक, इंटरनेटची तार एक. त्यातलं एक बंद पडलं की दुसरं कुणी नसतं. तो दुसरा पर्याय आपला आपणच उभा करायचा असतो, आणि आमची सुरुवातीची सगळी ताकद त्यातच गेली. इथल्या सूर्यास्ताबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात, म्हणून मी बाकीचं लिहिते.

घर आम्ही मुद्दाम वादळी हंगामात बघितलं. उन्हातलं घर सगळ्यांनाच आवडतं. समुद्राचं पाणी कुठवर येतं हे अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणालाच कळतं, आणि भरतीचं चक्र १२ तास २५ मिनिटांचं असल्यामुळे भरतीची वेळ रोज पुढे सरकते. वेळापत्रक हातात घेऊन, ऐन भरतीला जाऊन उभं राहावं लागतं. वादळ आणि उधाण एकाच वेळी आलं तर पाणी कुठे पोचतं, हे शेजारच्या आजोबांनी भिंतीवरची खूण दाखवून सांगितलं. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली आहे, तेव्हा ती जुनी खूण शेवटची मानण्यात अर्थ नाही. विमा कंपनीचं लेखी उत्तर आल्याशिवाय विसार द्यायचा नाही, हेही ठरवलं होतं. आवडलेलं पहिलं घर त्यापायीच सोडलं. त्याचा विमा उतरवायला कुणी तयार होईना.

मग खारी हवा. तिच्याबद्दल ऐकून होते, पण अनुभव वेगळाच. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटतात तेव्हा त्यांचे बारीक कण वाऱ्याबरोबर घरात येतात आणि सगळ्यावर बसतात. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या आसपास गेला की मीठ स्वतःच ओल ओढून घेतं. म्हणजे पाऊस नसतानाही लोखंड ओलंच राहतं. आमच्या खिडकीच्या बिजागऱ्या एका हंगामात खडबडीत तांबूस झाल्या. बोट फिरवलं की पापुद्रा सुटायचा. स्टेनलेस स्टीलच्या कठड्यावरही चहाच्या रंगाचे डाग आले. वायरमनने कठड्याकडे बघूनच सांगितलं, "ताई, हे ३०४ नंबरचं स्टील आहे. इथे ३१६ लागतं." ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते मिठापुढे जास्त टिकतं, आणि महागही असतं. एसीच्या बाहेरच्या युनिटचं तर विचारू नका. तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि वर खारट ओल, म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लं जाणारच. आता दर पंधरवड्याला ते बंद करून गोड्या पाण्याने धुतो. खरी भीती मात्र काँक्रीटची. क्षार आत झिरपून सळईपर्यंत पोचले की सळई गंजते, गंज फुगतो आणि स्लॅबचे टवके पडतात. जुनं घर घेणाऱ्याने इतर काही बघितलं नाही तरी चालेल, पण बाल्कनीच्या खाली उभं राहून वर जरूर बघावं.

वीज जाण्याचंही कारण पुष्कळदा मीठच. खांबावरच्या इन्सुलेटरवर कोरड्या दिवसांत क्षार साचतात. मग धुकं पडलं किंवा हलकी सर आली की तो थर ओला होऊन वीज वाहू देतो आणि लाइन ट्रिप होते. जोराच्या पावसात मीठ धुऊन जातं, म्हणून थोड्याशा शिडकाव्याला आम्ही जास्त घाबरतो. माझे पती घरून काम करतात. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड या दोन गोष्टी सामानाच्या आधी आल्या.

विहिरीचं पाणी पहिल्या उन्हाळ्यात मचूळ झालं. किनाऱ्याखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेबाने समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली ४० मीटर असतं. म्हणजे उपसा करून वरची पातळी थोडीशी जरी उतरवली, तरी खालचं खारं पाणी पुष्कळ वर चढतं. पर्यटकांच्या हंगामात सगळेच पंप एकदम चालू होतात. मोठा पंप बसवून हे सुटत नाही, उलट बिघडतं. आम्ही पावसाचं पाणी साठवण्याची टाकी बांधली.

हे सगळं पैशाने आणि मेहनतीने निभावतं. आजारपण तसं निभावत नाही.

एका सकाळी सासूबाई काहीतरी सांगत होत्या आणि त्यांचे शब्द एकात एक अडकायला लागले. उजव्या हातातली वाटी सुटली. गावातल्या डॉक्टरांनी त्यांना हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला सांगितले, आणि लगेच म्हणाले, "इथे एक मिनिटही थांबू नका. स्कॅन करायची सोय इथे नाही." मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं, आणि मेंदूत रक्तस्राव नाही ना हे स्कॅनमध्ये बघितल्याशिवाय देता येत नाही. शहरात हे ४.५ तास भरपूर वाटतात. इथे त्यातला मोठा भाग रस्त्यातच जातो. वाटेत लागणाऱ्या रुग्णालयात स्कॅन मशीन होतं, पण त्या वेळी चालवणारं कुणी नव्हतं. डॉक्टरांनी ते फोनवर आधीच विचारून घेतलं होतं, म्हणून आम्ही तिथे न थांबता थेट पुढे गेलो. वेळेत पोचलो. सासूबाई आता चालतात, बोलतात. बोलणं मात्र संथ झालं आहे.

त्या दिवशी माझ्या मनात पक्कं बसलं की सगळ्यात जवळचं रुग्णालय आणि उपयोगी पडणारं रुग्णालय ही दोन वेगळी असू शकतात. स्कॅन रात्रीही होतं ते कुठे, हृदयाचे डॉक्टर कुठे, याची यादी फोनजवळ लावली आहे. सगळ्यांच्या फायली गाडीत असतात आणि तिची इंधनाची टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. घरात वयस्कर माणूस असेल, तर यायचं की नाही हे मी आधी याच प्रश्नावर ठरवेन, बाकी सगळं नंतर. शिवाय तातडीचा प्रसंग टळला तरी तपासण्या संपत नाहीत. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे जायचं म्हणजे आख्खा दिवस मोडतो, आणि त्या प्रवासाने सासूबाई अगदी दमून जातात.

माणसांचं म्हणाल तर मदतीला सगळे धावतात, पण आपली कुठलीच गोष्ट झाकली राहत नाही. प्लंबरने सांगितलेला दिवस टळला तरी गोडच बोलावं लागतं, दुसरा कुठून आणणार? आणि एक गोष्ट मला खुपते. बाहेरून येणाऱ्या आमच्यासारख्यांमुळे आणि पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या खोल्यांमुळे इथल्याच तरुण जोडप्यांना वर्षभराच्या भाड्याने घर मिळत नाही. आमची माडी पर्यटकांना द्या असं अनेकांनी सुचवलं. ती आम्ही इथल्या शाळेतल्या शिक्षिकेला दिली.

मुलीच्या शिक्षणाला मात्र दुसरा पर्याय उभा करता आला नाही. तिला विज्ञान शाखेला जायचं आहे आणि इथे प्रयोगशाळा असलेलं कॉलेज नाही. ऑनलाइन वर्ग करून बघितले, पण टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण मिसळून मोजायचा प्रयोग, पडद्यावर शिकता येत नाही. पुढच्या वर्षी ती मावशीकडे राहून शिकेल. शुक्रवारी संध्याकाळी तिकडून सुटणारी बस हंगाम संपला की बंद होते, म्हणून त्या महिन्यांत तिला आणायला आम्हा दोघांपैकी एकाने जायचं ठरलं आहे.