कुराशिकीची परिषद आणि इम्बेचा पेंढा

परिषदेला जाणाऱ्याने व्याख्यानं दोन कमी ऐकली तरी चालतील, पण पोस्टरसाठी, म्हणजे भिंतीवर लावलेल्या संशोधनापुढे उभं राहून संशोधकाशी बोलण्यासाठी, भरपूर वेळ राखून ठेवावा. माझं हे मत जपानमधल्या कुराशिकीतल्या परिषदेत आणखी पक्कं झालं. परिषदेचा विषय होता प्रगत सिरॅमिक्सचे पृष्ठभाग आणि इंटरफेस, म्हणजे दोन पदार्थ जिथे एकमेकांना टेकतात ती सीमा. प्रत्येक वक्त्याला पंधरा मिनिटं, वेळ संपत आली की एक घंटा आणि संपली की दुसरी. जपानी वक्ते इतके शिस्तीचे की दुसरी घंटा व्हायच्या आत आभाराची स्लाइड पडद्यावर येते. शिस्तीबद्दल आदरच आहे. पण पदार्थ भाजायची मूस कसली होती, भट्टी किती सावकाश थंड केली, किती पेलेट (पावडर दाबून केलेल्या चकत्या) तडकल्या, हे सगळं याच घाईत गळून जातं, आणि आपल्या प्रयोगशाळेत तेच काम करायचं तर नेमकं तेच लागतं.

प्रवास सोपा आहे. शिन-ओसाकाहून शिंकान्सेनने पाऊण तासात ओकायामा आणि तिथून लोकलने पाऊण तासाच्याही निम्म्यात कुराशिकी. कालवा, पांढऱ्या भिंतींची जुनी गोदामं, 1930 साली उघडलेलं ओहारा कलासंग्रहालय, हे सगळं एका संध्याकाळी पायी बघून होतं. शाकाहारी माणसाचे मात्र हाल. साधी भाजी दिसली तरी तिच्या रश्शात बहुतेक वेळा दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो. वाढणारी माणसं अतिशय अदबीने चौकशी करतात, पण ताटात शेवटी भात, लोणचं आणि काकडीच उरते.

जुलैतली तिथली हवा मुंबईइतकीच चिकट. ज्या पोस्टरपुढे सर्वांत जास्त गर्दी होती, त्याचा विषयही हीच दमट हवा होता. सॉलिड-स्टेट बॅटरीसाठी, म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेल्या बॅटरीसाठी, लिथियम, लँथनम आणि झिर्कोनियमचं गार्नेट (गार्नेट खनिजासारखी रचना असलेलं ऑक्साइड) वापरतात, त्याला सगळे एलएलझेडओ म्हणतात. मुरुगन, थंगदुरई आणि वेपनर यांनी 2007 साली ते जगापुढे आणलं. याची पेलेट उघड्यावर ठेवली की हवेतल्या पाण्याचा प्रोटॉन आत शिरतो, लिथियम बाहेर येतं, आधी हायड्रॉक्साइड आणि मग कार्बन डायऑक्साइडशी मिळून कार्बोनेट होतं. डोळ्याला काही दिसत नाही. पण या थरावर लिथियम धातू पसरतच नाही, थेंब होऊन बसतो, आणि इंटरफेसचा रोध दर चौरस सेंटिमीटरच्या हिशेबात शेकडो ओमवर जातो. आरगॉन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, पेलेट घासून, मग तिथेच तापवून कार्बोनेट काढलं, तर हाच रोध काही ओमांपर्यंत खाली येतो. घासून झाल्यावर ती पुन्हा बाहेर काढली, तर केलेली मेहनत पाण्यात.

सिंटरिंगचं, म्हणजे पावडर भाजून घट्ट करण्याचं, दुखणं निराळंच. 1100 ते 1200 अंशांना लिथियम उडून जातं, म्हणून सुरुवातीलाच दहा-पंधरा टक्के जास्त घालतात आणि पेलेट त्याच पावडरीत पुरून भाजतात. पुरली नाही तर वरचा थर लिथियमला मुकतो आणि तिथे लँथनम झिर्कोनेट तयार होतं, ज्यातून लिथियम वाहत नाही. शिवाय लिथियम अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) मुशीला खातं. म्हणून आता बरेच जण मॅग्नेशियाची (मॅग्नेशियम ऑक्साइडची) मूस घेतात. पण सुरुवातीच्या काळात याच अॅल्युमिनाच्या मुशीतून थोडं अॅल्युमिनियम नकळत गार्नेटमध्ये गेलं होतं, आणि ज्या घनाकार रचनेतून लिथियम झपाट्याने वाहतं ती खोलीच्या तापमानाला टिकली ती त्याच्याच जोरावर. पुढे लोक ते मोजून मापून घालू लागले. पदार्थ नुसता धरून ठेवायला घेतलेली वस्तू पदार्थातच शिरली आणि त्याचा गुण ठरवून गेली. ही गोष्ट डोक्यात ठेवून इम्बेला जावं.

इम्बे हे बिझेन नावाच्या मातीच्या भांड्यांचं गाव. ओकायामाहून आको मार्गाच्या लोकलने साधारण चाळीस मिनिटं. काही गाड्या ओसाफुनेलाच थांबतात, त्यामुळे पाटी वाचूनच चढावं. स्टेशनच्या इमारतीतच वरच्या मजल्यावर भांड्यांचं दालन आहे. बाहेर आलं की घरांच्या मधून विटांची धुराडी वर आलेली दिसतात. अमात्सु देवळाची कौलं आणि दारावरचे राखणदार प्राणीसुद्धा बिझेन मातीचेच.

या भांड्यांवर झिलई नसते. माती भाताच्या खाचरांखालची, लोखंडाचं प्रमाण बरंच, आणि भाजताना खूप आकसणारी. भट्टी भराभर चढवली तर भांडं फुटतंच. म्हणून लाल पाइनची लाकडं घालत आठवडा-दोन आठवडे आग चालू ठेवतात. लाकडाची राख उडून भांड्यावर वितळली की गोमा म्हणजे तिळासारखे ठिपके उठतात. पण खरी थांबून बघायची ती हिदासुकी नावाची नक्षी. फिकट अंगावर शेंदरी-लाल रेघा, कुठे जाड, कुठे दोऱ्याएवढ्या, एकमेकींवरून गेलेल्या. त्या कुंचल्याने काढलेल्या नाहीत. भांडी एकात एक रचताना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा घालत, त्याचीच ही खूण. कोकणात आंबे ज्यात पिकत घालतात तोच पेंढा, आणि कामही तेच, नाजूक वस्तू एकमेकींना लागू न देण्याचं.

पेंढा जळून जातो, पण त्यातलं पोटॅशियम मातीवर राहतं. साधारण 1250 अंशांना ते मातीतल्या सिलिकाशी आणि अॅल्युमिनाशी मिळून पातळ काच बनवतं. पेंढा नसता तर बरंचसं लोखंड म्युलाइटमध्ये (माती भाजताना होणाऱ्या सिलिका-अॅल्युमिनाच्या स्फटिकांत) आणि काचेत गुंतून राहिलं असतं आणि अंग फिकट दिसलं असतं. पोटॅशियमच्या द्रवात मात्र म्युलाइट टिकत नाही. त्यातून कोरंडमचे, म्हणजे आपल्या शुद्ध अॅल्युमिनाचेच, षटकोनी पापुद्रे बाहेर पडतात. भट्टी निवू लागली की काचेतलं लोखंड या पापुद्र्यांच्या कडांवर हेमॅटाइट, म्हणजे लाल लोह ऑक्साइड, होऊन वाढतं. दोघांची स्फटिकरचना एकच, अणूंच्या जाळीच्या मापातला फरक सहा टक्क्यांच्या आत, म्हणून एकावर दुसरं त्याच दिशेत बसतं. आपण याला एपिटॅक्सी म्हणतो आणि पातळ थरांसाठी निर्वात कक्ष लावून ती साधतो. ओकायामा भागातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे कण दाखवलेले आहेत.

निववणं सावकाश झालं तर लाल उठतो. घाई केली तर हेमॅटाइटला वाढायला वेळच मिळत नाही आणि लोखंड काचेतच अडकतं. हवाही लागते, ऑक्सिजन कमी पडला की रंग बदलतो. शिवाय राख आणि ज्वाळा थेट लागू नयेत म्हणून हिदासुकीची भांडी बऱ्याचदा डब्यात बंद करून भाजतात. म्हणजे अल्कली, तापमान, वातावरण आणि थंड होण्याचा वेग, आपण ज्या चार गोष्टी तक्त्यात लिहितो, त्या चारही तिथले कुंभार सांभाळत आले.

विकत घ्यायचं असेल तर भांडं पालथं करून बूड बघावं. खरखरीत असेल तर टेबलावर ओरखडे उठतात, बारीक सँडपेपर फिरवला की काम होतं. वापरण्याआधी थोडा वेळ पाण्यात ठेवावं, म्हणजे तेलाचे डाग कमी धरतात. किमती परिषदेच्या नोंदणी शुल्कासारख्याच अंगावर येणाऱ्या, पण छोटा साके-प्याला परवडतो.

एका गोष्टीची मात्र तक्रार आहेच. परिषदेत इम्बेसारखी सहल शेवटच्या दुपारी ठेवतात, तेव्हा निम्मे लोक बॅगा घेऊन विमानतळाच्या वाटेला लागलेले असतात. ती पहिल्या दिवशी ठेवायला हवी. हिदासुकीची रेघ पाहून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सभागृहात वक्त्याला पहिला प्रश्न मुशीबद्दल विचारेल, दुसरा थंड होण्याच्या वेगाबद्दल, आणि ते आकडे मग निदान प्रश्नोत्तरांत तरी बाहेर येतील.